सहल कोणाच्या खिशाकडे बघून ठरवायची?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी काही जणांनी विचारलं, "काकू, ब्लॉग झोपला का?" झोपला नव्हता, घरात लढाई चालू होती. लढाई कशावरून, तर व्हिएतनाम आणि कंबोडिया या दोन देशांवरून! हसू नका. दोन्ही देशांनी आपापल्या लढाया केव्हाच संपवल्या, आमची अजून धुमसते आहे.

झालं असं. येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला ५० वर्षं होतात. मुलगा म्हणाला, हॉल घेऊन जेवणावळी घालण्यापेक्षा सगळे मिळून कुठेतरी लांब जाऊ. कुठे ते आईने ठरवायचं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. अंगकोर वाटचं चित्र पुस्तकात दाखवून पुढचा धडा घ्यायचा, असं किती वर्षं केलं असेल! आणि व्हिएतनामचं म्हणाल तर १९७२ साली नापाम बॉम्बच्या आगीतून पळणाऱ्या त्या मुलीचं छायाचित्र छापून आलं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. ते विसरता आलेलं नाही. म्हणून मी म्हटलं, हे दोन देश. शेजारी शेजारी आहेत, एका फेरीत होतील.

इथवर सगळं गोड. चार दिवसांनी मुलाने एका टूर कंपनीचं रंगीत पत्रक आणलं. आठ रात्री, नऊ दिवस, दोन देश. हनोई, हा लाँग बे, दा नांग, सायगाव, सिएम रीप. माणशी १,८५,००० रुपये. रोज भारतीय जेवण, मराठी बोलणारा टूर मॅनेजर, वर एक टोपी आणि एक बॅग. मी पेन्सिल घेऊन बसले (सवय जात नाही). नऊ दिवसांत पाच मुक्काम, मधली तीन विमानं. ज्या अंगकोरसाठी मी जाणार त्याला एक दिवस: पहाटे सूर्योदय, मग बायोन, मग ता प्रोम, दुपारी शॉपिंग. म्हणजे पुस्तकातलं चित्र दाखवून पुढचा धडा! तेच तर मी जन्मभर केलं.

पण माझा खरा राग त्या एका दिवसाबद्दल नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे.

ती चिपळूणला राहते. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. थोडी फॅमिली पेन्शन आहे, बाकी शिवणकाम. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात तिची दोन्ही मशिनं पाण्याखाली गेली होती, ती तिने कुणापुढे हात न पसरता पुन्हा उभी केली. ती नसेल तर ही कुटुंबाची सहल नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. तिला फोन केला. आकडा ऐकल्यावर ती म्हणाली, "ताई, माझे गुडघे दुखतात गं. तुम्ही जाऊन या." आता तिचे गुडघे मला ठाऊक आहेत. गणपतीत दिवसभर उभी राहून एकवीस माणसांचा स्वयंपाक करते ती. दुखत होतं ते दुसरंच.

मुलगा मनाचा मोठा आहे. लगेच म्हणाला, "मावशीचे पैसे मी भरतो, त्यात काय?"

"त्यात काय" हे शब्द ज्याचे पैसे असतात त्यानेच म्हणायचे असतात. ज्याच्यासाठी भरले जातात त्याला ते म्हणता येत नाहीत. ती आली असती, पण कशी? प्रत्येक जेवणात मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचत. कुठे जायचं, कुठे नाही यावर एक शब्द न बोलता. थकली तरी "मी थकले" न म्हणता, कारण दुसऱ्याच्या पैशावर आलेल्या माणसाने थकायचंही नसतं. मी हे पाहिलेलं आहे. शाळेच्या सहलीत ज्या मुलांचे पैसे आम्ही शिक्षक मिळून भरायचो, ती मुलं बसमध्ये कधी खिडकीची जागा मागत नसत. आम्ही चांगलंच करत होतो, पण त्या खिडकीचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि यावर कुणीही माझ्याशी भांडावं: कुटुंबाची सहल असेल तर तिचा खर्च कुटुंबातल्या सगळ्यात हलक्या खिशाकडे बघून ठरवला पाहिजे. सगळ्यात जड खिशाकडे बघून नाही, आणि "सरासरी" नावाच्या कुणी नसलेल्या माणसाकडे बघून तर मुळीच नाही. आधी आकडा, मग नकाशा. आपण उलटं करतो. आधी पत्रकातली चित्रं बघतो, मग ज्याला परवडत नाही त्याचे गुडघे दुखायला लागतात. आणि उरलेले जातात त्याला आपण "फॅमिली टूर" म्हणतो!

मी बहिणीला पुन्हा फोन केला आणि सरळ विचारलं, "तुझा आकडा सांग." दोन दिवस घेतले तिने. मग म्हणाली, "माझी एक आरडी सुटली आहे. एक लाख. त्यावर एक रुपया नाही." ठरलं तर मग. सहा माणसं: आम्ही दोघं, मुलगा-सून, अकरा वर्षांची नात आणि बहीण. माणशी एक लाख, सगळ्यांना तोच नियम. मुलाची ऐपत तिप्पट असेल, असू दे.

आता त्या लाखात दोन देश बसवायचे. अशक्य, असं घरातले सगळे म्हणाले. मी वही काढली.

पहिली गोष्ट, ठिकाणं कापली. हनोई गेलं, हा लाँग बे गेला. भाऊबंदांत हलकल्लोळ! "व्हिएतनामला जाऊन हा लाँग नाही?" नाही. व्हिएतनाम हा उत्तर-दक्षिण असा लांबलचक देश आहे. हनोई ते सायगाव रेल्वेने १,७२६ किलोमीटर, तीस तासांहून जास्त. ते अंतर विमानाने कापायचं म्हणजे सहा तिकिटं, आणि येण्याजाण्यात गेलेला अख्खा दिवस. माझंही एक कापलं गेलं, ते सांगते. दा नांगजवळ मी सन म्हणून चाम राजांची शिवमंदिरं आहेत. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत बरीच कोसळली. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे काही मंदिरांची दुरुस्ती केली, तेव्हा २०२० मध्ये एक अखंड दगडी शिवलिंग सापडलं. मला ते फार बघायचं होतं. वहीत लिहिलं, दोनदा हिशेब केला आणि खोडलं. दुसऱ्यांची ठिकाणं कापणाऱ्याने आधी स्वतःचं एक कापावं.

उरलं काय? सायगाव तीन रात्री (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी), नॉम पेन्ह तीन रात्री, सिएम रीप पाच रात्री. अकरा रात्री, बारा दिवस. म्हणजे पत्रकापेक्षा तीन दिवस जास्तच! सायगाव ते नॉम पेन्ह साधारण २३० किलोमीटर. मोक बाय-बावेत नाक्यावर सीमा ओलांडून बसने सहा-सात तास. नॉम पेन्ह ते सिएम रीप सव्वातीनशेच्या आत, तीही बस. दोन्हीकडे चांगल्या बसेस चालतात. मुंबई-चिपळूण एसटीने ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना सहा तासांच्या बसची भीती कोण घालतं?

दुसरी गोष्ट, दिशा. मुलाला सायगावचं जाऊन-येऊन तिकीट स्वस्त दिसलं. वरवर बरोबर. पण परत सायगावला यायचं म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरायचं. एकदाच प्रवेश देणारा ई-व्हिसा २५ डॉलरचा, अनेकदा प्रवेश देणारा ५० चा. शिवाय परतीची बस, वर एक जादा रात्र. सगळं मांडल्यावर सायगावला उतरायचं आणि सिएम रीपहून एक विमान बदलून घरी यायचं, हेच बरं पडलं. आणि एक सावधगिरी सांगते. व्हिसा काढायचा तो सरकारी संकेतस्थळावरूनच. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट्स आहेत. आमच्या एका नातलगाने तिथे दुप्पट पैसे भरले आणि नावाचं स्पेलिंगही चुकवून घेतलं. पासपोर्टवर आहे तसं अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, वेळ. आपल्याकडे सहल म्हणजे दिवाळीची सुटी. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाळा. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्युए आणि होई आन ही गावं पाण्याखाली होती. तरी दिवाळीच्या पत्रकांत दा नांग ठळक अक्षरांत असतंच! पाऊस पत्रकात छापत नाहीत. दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियात डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं आणि त्यातल्या त्यात थंड. फक्त टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळायचं. ते जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येतं, दुकानं बंद असतात आणि भाडी चढतात. म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा. नातीची शाळा बुडणार. ज्या बाईने सहलीसाठी आलेले किती रजेचे अर्ज नामंजूर केले, तिने आता नातीसाठी तसाच अर्ज लिहायचा! लिहीन, शुद्धलेखन तपासून लिहीन.

जानेवारीचं आणखी एक कारण आहे. अंगकोरला बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पासपोर्ट दाखवला की झालं. आमची नात मार्चमध्ये बाराची होते. मोठ्यांना एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. २०१७ पासून हेच दर आहेत. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत केव्हाही वापरता येतं, सलग जायला नको. एक दिवस जायचं, एक दिवस पाय वर करून पडायचं, परत जायचं. सत्तरीतल्या गुडघ्यांसाठी याहून चांगली सोय कुठली? स्वस्त आणि सावकाश हे बहुतेक वेळा एकाच दिशेला असतात, हे मला वहीने शिकवलं.

आता हिशेब. डॉलर नव्वद रुपये धरून, माणशी: विमान ४०,०००, दोन्ही व्हिसा ५,०००, अंगकोर ५,६००, बसेस ३,५००, राहणं अकरा रात्री, एका खोलीत दोघं, १४,३००, जेवणखाण बारा दिवस १०,८००, तिथलं फिरणं आणि इतर तिकिटं ६,०००, विमा ३,०००, अडीअडचणीला ८,०००. एकूण ९६,२००. मुलाने दोनदा बेरीज केली. बरोबर आली. गणित मी कधी शिकवलं नाही, पण बेरीज येते!

मग आक्षेप सुरू झाले. तेही सांगते, कारण तुमच्याही घरात हेच निघतील.

"भाषा येत नाही." टूर मॅनेजरला तरी कुठे व्हिएतनामी येते? फोनवर भाषांतर होतं, आकडे बोटांनी दाखवता येतात. फक्त नोटा नीट बघायच्या. रुपयाला जवळपास तीनशे डोंग, त्यामुळे शून्यं फार. शिवाय वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. कंबोडियात डॉलर चालतात, सुटे रिएलमध्ये परत मिळतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट घेत नाहीत.

"जेवणाचं काय?" रोज भारतीय जेवण ही त्या पत्रकातली सगळ्यात महाग ओळ आहे. भात, मासे, नारळ, कोथिंबीर, चिंच, ऊस, फणस हे जिथे पिकतं त्या मुलखात कोकणातल्या माणसाने पंजाबी भाजी शोधत हिंडायचं? आमचे हे शाकाहारी आहेत, त्यांचंही पाहिलं. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला "चाय" म्हणतात. त्या नावाच्या पाट्या लावलेल्या खाणावळी असतात. कित्येक बौद्ध लोक त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमासे खात नाहीत. म्हणजे आपल्या एकादशी-चतुर्थीसारखंच झालं की! एवढं मात्र खरं, माशाचं पाणी, नुओक माम, तिथे भाजीतही पडतं. ते नको म्हणून कागदावर लिहून न्यायचं. आणि सोबत मेतकूट. मेतकुटाचं बजेट वेगळं नाही :)

"तिकडे लढाई चालू आहे म्हणे." २०२५ मध्ये कंबोडिया आणि थायलंडमध्ये सीमेवर लढाई झाली, त्यांचे जमिनीवरचे नाके बंद झाले. हे खरं आहे, आणि म्हणूनच थायलंडमार्गे रस्त्याने जाण्याचा विचार मी वहीत घेतलाच नाही. आम्ही पूर्वेकडून, व्हिएतनामच्या बाजूने शिरणार. तरीही निघायच्या आधी बातम्या बघूच. काळजी घेणं आणि घाबरणं यात फरक आहे. पत्रकं विकली जातात ती दुसऱ्यावर.

टूर कंपन्यांवर माझा सरसकट राग नाही. एकटी बाई असेल, आजारी माणूस असेल, सोबतच हवी असेल, तर गटाने जावं, त्याचे पैसे द्यावे. पण आपल्या मराठी मध्यमवर्गाने आता असं मानून घेतलंय की स्वतः आखलेली सहल म्हणजे कंजूषपणा आणि पॅकेज म्हणजे प्रतिष्ठा. किती देश "झाले" हे विचारतात, तिथे काय पाहिलं ते विचारत नाहीत. एक गृहस्थ मला म्हणाले, "कंबोडिया आमचा अर्धा दिवसात झाला." सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकात बांधायला घेतलेलं विष्णुमंदिर, त्याच्या पूर्वेच्या भिंतीवर जवळपास पन्नास मीटर लांबीचं समुद्रमंथन, पश्चिमेला कुरुक्षेत्र आणि शरपंजरी भीष्म. अर्धा दिवस! वर हेच लोक सांगणार, "ते आपल्याच लोकांनी बांधलं." अहो, ख्मेर राजांनी, ख्मेर पाथरवटांनी बांधलं. गोष्टी आपल्याकडून गेल्या, हात त्यांचे. हे कळायलासुद्धा त्या भिंतीपुढे थोडा वेळ उभं राहावं लागतं.

आणखी एक. स्वस्त म्हणजे तिथल्या गरिबाच्या पोटातून काढलेलं नव्हे. दिवसभर उन्हात थांबणाऱ्या टुकटुकवाल्याशी दोन डॉलरवरून हुज्जत घालायची आणि घरी येऊन ती शौर्यकथा सांगायची, हे आमच्या वहीत बसणार नाही. बचत आपण आपल्या हावेतून करायची, ठिकाणं कमी करून. त्याच्या भाड्यातून नाही.

शेवटची गोष्ट नॉम पेन्हची. पत्रकात नॉम पेन्ह नव्हतंच. मी तिथे तीन रात्री का ठेवल्या, असं सुनेने विचारलं. तिथे तुओल स्लेंग आहे. ती मुळात शाळा होती. १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आले, शहरं रिकामी केली, शाळा बंद केल्या, आणि पुढे या शाळेचा तुरुंग केला. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या. चौदा हजारांहून जास्त माणसं तिथे आणली गेली, वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू, त्यात शिक्षक आलेच. १९७९ च्या जानेवारीत शेजारच्या व्हिएतनामचं सैन्य शहरात शिरलं तेव्हा ते थांबलं. २०२५ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा यादीत घेतली. मुलगा म्हणाला, "आई, पन्नासाव्या वाढदिवसाला हे कशाला?" नातीला नेणार नाही, ते तिच्या वयाचं नाही. ती त्या सकाळी मावशीआजीबरोबर नदीकाठी फिरेल. पण मी जाणार. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई त्या वर्गांसमोरून विमानाने उडून जाऊ शकत नाही. यावर चर्चा नाही.

तर लढाई अशी आहे. मुलगा अजून अधूनमधून "निदान हॉटेल तरी जरा बरं घेऊ" म्हणतो. मी म्हणते, मावशीचा आकडा वाढला की घेऊ. व्हिसाचे फोटो काढून झाले, बसची माहिती घेतली, विमानाची तिकिटं या आठवड्यात काढणार.

काल रात्री बहिणीचा फोन आला. म्हणाली, "ताई, तुझ्या वहीप्रमाणे माझे ३,८०० उरतात ना?" म्हटलं, हो. "कंबोडियात चौकटीचं सुती कापड मिळतं म्हणे. क्रामा. नातीने इंटरनेटवर दाखवलं. मी त्याचं घेणार. आणि बसमध्ये मला खिडकी पाहिजे."

खिडकी तिचीच.

तुमच्या घरात सहलीचा आकडा कोण ठरवतं? ज्याच्याकडे जास्त आहे तो, की ज्याच्याकडे कमी आहे तो? मनापासून लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा, लाल शाईने लिहिलं तरी चालेल.